कमरेखालची धडक आणि पंचांची शिटी

पावसाळा ओसरला, शेतांत कापसाचीं बोंडें फुटूं लागलीं, कीं जळगांव आणि धुळें या दोन्हीं जिल्ह्यांतील शाळांच्या पटांगणांवर फक्कीच्या पांढऱ्या रेषा उमटूं लागतात. आमच्या खानदेशची काळी माती पावसांत पायाला चिकटते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. परंतु या मधल्या दिवसांत तिच्यावर थोडें पाणी मारून ती नीट दाबली, कीं कबड्डीचें मैदान उत्तम तयार होतें. मग सामने सुरू होतात. कोणी एक चपळ गडी प्रतिपक्षाच्या अंगणांत शिरतो, तिघेचौघे त्याच्यावर तुटून पडतात, धुळीचा लोट उठतो, आणि त्या लोटांतून एकाएकीं ओरड ऐकूं येते, “पंच, कैची! कैची लावली!” लागलीच दुसऱ्या बाजूनें तितक्याच जोरानें उत्तर येतें, “कैची नव्हे, घोटा धरला!” पंच शिटी वाजवितात, किंवा वाजवीत नाहींत, आणि दोहोंपैकीं कांहींही झालें तरी अर्धे प्रेक्षक असंतुष्टच राहतात.

वाचकांपैकीं कित्येकांना वाटेल कीं, हा तर खेळांतला नित्याचा कलह आहे, त्याचा एवढा विचार कशाला? परंतु या ओरडण्याच्या मुळाशीं दोन महत्त्वाचे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न असा कीं, खेळाडूच्या कमरेखालच्या भागावर, म्हणजे मांडी, गुडघा व घोटा यांवर, प्रतिस्पर्ध्यानें कोणत्या रीतीनें हल्ला करावा व कोणत्या रीतीनें करूं नये? दुसरा प्रश्न असा कीं, यासंबंधीं जो नियम केलेला आहे तो पंच प्रत्येक वेळीं व प्रत्येक पक्षास सारखाच लावतात काय? हे प्रश्न आपल्याच पटांगणावरचे आहेत असें नाहीं. अमेरिकेंत जो खेळ ‘फुटबॉल’ या नांवानें खेळला जातो त्याच्यापुढें हेच प्रश्न शंभरांहून अधिक वर्षें उभे आहेत. तेव्हां आपला खेळ आणि त्यांचा खेळ शेजारीं शेजारीं ठेवून या विषयाचा थोडा विचार करूं.

प्रथम आपल्या खेळाकडे पाहूं. कबड्डीला आपल्या प्रांतांत पूर्वीं हुतूतू म्हणत. १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांच्या प्रसंगीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनीं या खेळाचें प्रात्यक्षिक करून दाखविलें, आणि १९५० सालीं या खेळाची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. गांवोगांवचे वेगवेगळे प्रघात जाऊन त्यांच्या जागीं एक लिखित नियमावली आली. तिच्याप्रमाणें प्रत्येक पक्षाचे सात गडी मैदानांत असतात. पुरुषांचें मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असतें. चढाई करणाऱ्या गड्यानें ‘कबड्डी, कबड्डी’ असा अखंड उच्चार करीत ३० सेकंदांच्या आंत परत मध्यरेषा गांठावयाची असते. बचाव करणाऱ्यांना त्याला धरून ठेवण्याचा अधिकार आहे. परंतु धरावयाचें तें केवळ धडाला किंवा हातापायांना. केस किंवा कपडे धरून चालत नाहीं. तोंड दाबून अथवा गळा आवळून त्याचा दम तोडणें मना आहे. इजा होईल अशी आडदांड पकड मना आहे. आणि आपल्या दोन्हीं पायांच्या मध्यें त्याचे पाय अडकवून पीळ देणें, ज्याला आपण कैची म्हणतों, तेंही मना आहे.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. कबड्डींत पायावरचा हल्ला सर्वस्वीं मना केलेला नाहीं. उलट घोट्याची पकड ही या खेळांतील एक नाणावलेली कला समजली जाते. कोपऱ्यावरचा गडी वांकून उभा असतो, चढाई करणाऱ्याचें पाऊल पुढें पडतें न पडतें तोंच तो झेप घेतो आणि दोन्हीं हातांनीं घोटा आवळतो. हें योग्य, परंतु पायांनीं पायांना कैची घातली तर तें अयोग्य. एकाच पायावरचे हे दोन हल्ले. मग एक मान्य आणि दुसरा अमान्य, असें कां?

याचें उत्तर गुडघ्याच्या रचनेंत आहे. गुडघा हा दाराच्या बिजागरीसारखा सांधा आहे. तो मागें दुमडतो व पुढें सरळ होतो; बाजूला वळण्याची शक्ति त्याला फारच थोडी दिलेली आहे. त्याच्या आंतल्या व बाहेरच्या बाजूस एकेक बळकट अस्थिबंध असतो, आणि सांध्याच्या आंत एकमेकांस छेदून जाणारे आणखी दोन असतात. पाऊल जमिनीवर घट्ट रोवलेलें असतांना बाहेरच्या बाजूनें जोराची धडक बसली, किंवा वरचें शरीर एका दिशेला व पाय दुसऱ्या दिशेला पिळला गेला, तर हे बंध ताणले जातात व प्रसंगीं तुटतात. असा बंध तुटला म्हणजे आठ-पंधरा दिवस चुना-हळद लावून भागत नाहीं. कित्येकदां शस्त्रक्रिया करावी लागते, आणि पुन्हां मैदानावर येण्यास नऊ महिने, वर्षसुद्धां लागतें. हातांनीं घोटा धरला असतां धरलेला गडी आपलें अंग सैल सोडून पडूं शकतो. कैचींत सांपडलेल्या गड्याचें अंग पडतें, पण पाय मात्र अडकलेला राहतो. या एका फरकामुळें पहिली पकड कलेंत मोडते आणि दुसरी अपराधांत.

आतां अमेरिकेकडे वळूं. तेथील फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉलहून अगदीं निराळा आहे. दोन्हीं बाजूंस अकरा-अकरा खेळाडू असतात, चेंडू लांबट असतो, आणि तो मुख्यतः हातांत घेऊन किंवा हातानें फेंकून पुढें न्यावयाचा असतो. चेंडू ज्याच्या हातीं आहे त्याला प्रतिपक्षानें धरून पाडावें. आणि त्याच्या सोबत्यांनीं अंगानें व हातांनीं प्रतिपक्षाला अडवून त्याची वाट मोकळी करावी, असा हा खेळ. या अडविणाऱ्यांना चेंडूशीं कांहीं कर्तव्य नसतें. समोरच्याला थोपविणें एवढेंच त्यांचें काम. समोरचा गडी वजनानें भारी असला तर त्याच्या छातीशीं झुंजण्यापेक्षां खालीं वांकून त्याच्या गुडघ्यांवर अंग टाकणें सोपें, हें उघड आहे. याच सोप्या वाटेनें पुष्कळ घात झाला.

या खेळांतील आडदांडपणा एके काळीं इतका वाढला होता कीं, १९०५ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना आपल्या निवासस्थानीं बोलावून खेळ सुधारण्याविषयीं निक्षून सांगितलें. त्या हंगामाच्या अखेरीस शिकागोच्या एका वृत्तपत्रानें खेळतांना मरण पावलेल्यांचा आकडा १८ असा प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत न्यूयॉर्क येथें ६२ विद्यालयांची सभा भरली, आणि तींतूनच पुढें अमेरिकेंतील महाविद्यालयीन खेळांवर देखरेख करणारी मोठी संस्था उदयास आली. १९०६ पासून चेंडू पुढें फेंकण्यास परवानगी मिळाली, त्यामुळें एकाच जागीं होणारी घनदाट रेटारेटी कमी झाली.

कमरेखालच्या धडकेविषयींचे नियम मात्र एकदम झाले नाहींत; अनुभवानें शहाणें होत होत ते एकेक करून आले. चेंडू ज्याच्यापाशीं नाहीं अशा गड्याला पाठीमागून कमरेखालीं धडक देणें मना झालें. एका गड्यानें समोरच्याला वरून गुंतवून ठेवावें व त्याच वेळीं दुसऱ्यानें त्याचे पाय खालून कापावेत, ही जोडधडक विशेष घातक. कारण वरच्याशीं झुंजणाऱ्याचे पाय रोवलेले असतात आणि डोळे दुसरीकडे असतात. व्यावसायिक संघांच्या संघटनेनें १९७९ सालीं लाथेनें उडविलेला चेंडू परत आणतांना चेंडू घेणाऱ्या पक्षानें कमरेखालीं अडविणें बंद केलें. जोडधडकेचे कांहीं प्रकार त्यानंतरही चालूं होते. ते सारे २०१६ सालीं मना करण्यांत आले. २०२१ सालीं मधल्या गर्दीच्या जागेबाहेर, म्हणजे जेथें गडी मोकळ्यावर वेगानें धांवत असतात तेथें, कमरेखालीं धडक देण्यास बंदी झाली. अशा अपराधाबद्दल संघाला १५ यार्ड मागें जावें लागतें. मधल्या रांगेंत मात्र समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांपैकीं एकानें पुढून कमरेखालीं अडविलें तर तें कांहीं मर्यादेंत अजूनही चालतें.

या साऱ्या नियमांमागें एकच तत्त्व दिसतें. ज्याला हल्ला दिसतो आणि ज्याचें अंग आपला बचाव करावयास मोकळें आहे, त्याच्यावर खालून चाल करावयास हरकत नाहीं. ज्याला तो दिसत नाहीं, किंवा ज्याला दुसऱ्यानें जखडून ठेविलें आहे, त्याच्या पायांवर घाव घालणें हें शौर्य नव्हे. आपल्या तालमींतही हेंच तत्त्व आहे. आपल्या कुस्तींत पट काढणें, म्हणजे पायांत शिरून प्रतिस्पर्ध्यास उचलणें, हा मानाचा डाव आहे. कारण दोन्हीं मल्ल समोरासमोर, एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून उभे असतात. ग्रीको-रोमन या पद्धतीच्या कुस्तींत मात्र कमरेखालीं हात लावावयाचाच नाहीं असा करार असतो. खेळ निराळा, करार निराळा. पण तो उभयतांना ठाऊक असतो, आणि म्हणूनच दोघेही निर्भयपणें लढूं शकतात.

येथपर्यंत नियमाचा विचार झाला. परंतु नियम पुस्तकांत असतो. मैदानावर तो पंचांच्या शिटींत असतो. अमेरिकेंत व्यावसायिक सामन्याला सात पंच असतात, आणि अपराध दिसतांच ते पिवळें निशाण जमिनीवर टाकतात. आपल्याकडे एक सरपंच, मैदानाच्या दोन्हीं बाजूंस एकेक पंच, आणि गुणलेखक व त्याचे दोन सहायक असतात. एवढीं माणसें असूनही एकाच प्रकारच्या अपराधाला एकदां शिटी वाजते आणि एकदां वाजत नाहीं, असें कां होतें?

याचीं कारणें बहुधा अप्रामाणिकपणाचीं नसतात. पहिलें कारण दृष्टीचें. कमरेखालची क्रिया ही जमिनीलगत, अंगांच्या ढिगाखालीं आणि क्षणार्धांत घडते. पंच ज्या बाजूला उभा असेल त्या बाजूची पकड त्याला दिसते. पलीकडची दिसत नाहीं. दुसरें कारण शब्दांचें. ‘आडदांड’ पकड मना आहे खरी, परंतु जोरदार कोणती आणि आडदांड कोणती हें ठरविण्याचें माप कोणत्याही पुस्तकांत सांपडणार नाहीं. तिसरें कारण मनाचें. प्रेक्षकांचा गलका, सामन्याची अखेरची मिनिटें, आणि ‘मघाशीं यांच्यावर अन्याय झाला, आतां भरपाई करावी’ अशी कळत-नकळत येणारी भावना, हीं सारीं पंचाच्या हाताला ओढीत असतात. चौथें कारण असें कीं, कित्येकदां नियमच दोन असतात, आणि कोणता लागू आहे याविषयीं पंचांतच एकमत नसतें.

याचीं दोन उदाहरणें साऱ्या जगानें पाहिलीं. २०१२ सालीं अमेरिकेंतील व्यावसायिक फुटबॉलचे नेहमींचे पंच आणि संघटना यांचा वेतनादि बाबींवरून तंटा झाला, आणि हंगामाच्या आरंभीं त्यांच्या जागीं बदली पंच नेमण्यांत आले. २४ सप्टेंबर रोजीं सियाटल येथें सामन्याच्या अगदीं शेवटच्या क्षणीं उंच फेंकलेल्या चेंडूवर दोन्हीं संघांचे गडी एकदम झडपले. जवळ उभ्या असलेल्या दोन पंचांपैकीं एकानें दोन्हीं हात उंचावून गुण झाल्याची खूण केली, तर त्याच क्षणीं दुसऱ्यानें हात हलवून निराळीच खूण केली. दोघे एकमेकांपासून हातभर अंतरावर होते, आणि दोघांनींही एकच घटना पाहिली होती! गुण ग्राह्य धरला गेला व सियाटलचा संघ १४-१२ असा जिंकला. लोकांचा संताप इतका झाला कीं, दोनच दिवसांनीं तंटा मिटला आणि नेहमींचे पंच परत आले.

दुसरें उदाहरण आपल्या घरचें आहे. चीनमधील हांगचौ येथें ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं आशियाई क्रीडास्पर्धेंत पुरुषांच्या कबड्डीचा अंतिम सामना भारत व इराण यांमध्यें झाला. सामना संपत आला असतां दोघांचे गुण २८-२८ असे समान होते. अशा वेळीं भारताचा कर्णधार पवन सेहरावत चढाईला गेला आणि मैदानाच्या कडेच्या राखीव क्षेत्रांत शिरला. त्याच्या मागोमाग इराणचे गडीही त्याला धरीत त्या क्षेत्रांत आले. झटापट सुरू होण्यापूर्वीं या क्षेत्रांत जावयाचें नसतें. एका नियमाप्रमाणें केवळ चढाई करणारा बाद. दुसऱ्या नियमाप्रमाणें त्याच्या पाठोपाठ गेलेले बचाव करणारेही बाद. कोणता नियम खरा? पंचांनीं एकदां निर्णय दिला, मग फिरविला, आणि पुन्हां बदलला. प्रथम एका संघाचे व मग दुसऱ्या संघाचे खेळाडू निषेध करीत मैदानावर बसले. सुमारें तासभर खेळ थांबला. अखेरीस भारत ३३-२९ असा विजयी ठरला. सुवर्णपदक आलें याचा आनंद आपणां सर्वांना झाला. परंतु एवढ्या मोठ्या सामन्यांत नियमाविषयींच मतभेद निघावा, याचें शल्यही खऱ्या खेळाडूच्या मनाला लागल्यावांचून राहिलें नाहीं.

दुसऱ्यांच्या चुका सांगतांना स्वतःची झांकून ठेवणें बरें नव्हे, म्हणून एक अनुभव येथें देतों. कांहीं वर्षांपूर्वीं दोन शाळांमधील एका सामन्यांत मी पंच होतों. पहिल्या डावांत एका मुलाला कैचीनें पाडण्यांत आलें. मला संशय आला. परंतु मधें दोन अंगें आडवीं होतीं, आणि माझी शिटी ओठांवरच राहिली. तो मुलगा लंगडत बाहेर गेला. दुसऱ्या डावांत त्याच मुलाच्या संघाकडून तशीच पकड झाली. या वेळीं ती अगदीं माझ्यासमोर घडली, आणि मीं शिटी वाजविली. त्याचा संघ एका गुणानें हरला. सामना संपल्यावर तो लंगडणारा मुलगा माझ्याकडे आला आणि अगदीं शांतपणें म्हणाला, “सर, तुम्ही दिलेला निर्णय बरोबर होता. पण पहिल्या डावांत तो बरोबर नव्हता काय?” त्याला मी काय उत्तर देणार? दुसऱ्या वेळीं मीं नियम पाळला होता. तरीही दोन्हीं वेळा मिळून माझ्या हातून अन्यायच झाला होता.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट कळून चुकली. कडक पंच मुलांना चालतो. थोडा सैल पंचही चालतो. दोहोंच्याही हाताखालीं मुलें निर्धास्त खेळतात, कारण काय चालेल व काय चालणार नाहीं हें त्यांना पहिल्या पांच मिनिटांत समजतें. जो पंच कधीं कडक व कधीं सैल असतो, त्याच्या हाताखालीं मात्र मुलें नियम शिकण्याचें सोडून पंचाची नजर कोणीकडे आहे एवढेंच शिकतात. ज्या बाजूला पंच पाहत नाहीं त्या बाजूला कैची पडूं लागते. एकाच्या कैचीला शासन झालें नाहीं, तर दुसरा स्वसंरक्षणासाठीं कैचीच लावतो. अशा रीतीनें न वाजलेली एक शिटी अखेरीस कोणा तरी मुलाच्या गुडघ्यावर येऊन आदळते.

यावर उपाय काय? पंचांनीं सामन्यापूर्वीं एकत्र बसून कोणत्या पकडीला शिटी वाजवावयाची हें ठरवावें, व तें दोन्हीं कर्णधारांना सांगावें. कोणती नियमावली लागू आहे हें नाणेफेकीपूर्वींच स्पष्ट करावें. दोन बाजूंच्या पंचांनीं जमिनीलगतच्या झटापटीकडे पाहण्याचें काम वांटून घ्यावें, आणि संशय असल्यास सरपंचांनीं दोघांनाही विचारल्यावांचून निर्णय देऊं नये. आणि पहिल्या डावांत एखादी चूक झाली, तर दुसऱ्या डावांत उलट चूक करून तिची भरपाई करण्याच्या मोहांत कोणीं पडूं नये. दोन चुका मिळून एक न्याय होत नाहीं.

खेळाडूंनीं घोट्याची पकड अवश्य शिकावी, पण ती हातांनीं, समोरून, आणि धरलेला गडी पडतांच सैल सोडण्याच्या संवयीसह. आपला सोबती ज्याला वरून धरून बसला आहे त्याच्या पायांवर धांवत येऊन अंग टाकूं नये. निर्णय पटला नाहीं तर बोलावें तें एकट्या कर्णधारानें, आणि नम्रपणें. फेब्रुवारी २०२५ मध्यें अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेंत एका नामांकित मल्लाला निर्णय मान्य झाला नाहीं. त्यानें रागाच्या भरांत पंचाला लाथ मारली, आणि तीन वर्षें स्पर्धेबाहेर राहण्याची शिक्षा ओढवून घेतली. त्याची तक्रार खरी असो वा नसो, त्या एका लाथेनंतर लोकांच्या चर्चेंत तक्रार मागें पडली व लाथच पुढें राहिली.

पालकांनाही एक विनंती आहे. मैदानाच्या कडेला उभे राहून पंचांना शिव्याशाप देणारे वडील आपल्या मुलाला न कळत असें शिकवितात कीं, निर्णय आपल्या बाजूचा असेल तरच तो न्याय. त्याऐवजीं सामना संपल्यावर मुलाला घरीं विचारावें, “तुझ्या पक्षाच्या हातून झालेली कोणती कैची पंचांना दिसली नाहीं?” ज्या मुलाला हें प्रामाणिकपणें सांगतां येईल, त्याच्यावर लक्ष ठेवण्यास सात पंचांची गरज पडणार नाहीं.

आमच्या पटांगणावर पुढल्या हंगामांतही धूळ उडेल, आणि ‘कैची! कैची!’ अशी ओरड पुन्हां उठेल. त्या वेळीं शिटी वाजली तर ती दोघांसाठीं सारखी वाजावी, आणि ती वाजली नाहीं तरी ढिगाखालीं दबलेल्या आपल्या भावाचा पाय आपणहून सोडणारा एखादा गडी तेथें असावा. खेळून घरीं जातांना दोन्हीं पक्षांचीं मुलें आपल्या पायांनीं चालत गेलीं, म्हणजे सामना चांगला झाला असें समजावें.